नेपाळला दोघं गेली होती

भिकन गांगुर्डे कामाला चोख होता, बोलायला गोड होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण दुसऱ्याचं बरं झालेलं त्याला बघवत नसे. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात तो बॉयलरच्या दुरुस्तीवर फिटर होता. विभागात कुणाला बढती मिळाली की त्या दिवशी भिकनचा डबा जसाच्या तसा घरी यायचा. शेजाऱ्यानं नवा रेडिओ आणला तर हा आठवडाभर घरचा रेडिओ लावू द्यायचा नाही. त्यानं कधी कुणाची चहाडी केली नाही, कुणाचं वाकडं केलं नाही. आतल्या आत जळायचा, आणि जळून झालं की स्वतःवरच चिडायचा. हे त्याच्या बायकोला, सुलाला, लग्नानंतर पंधरा दिवसांतच उमगलं होतं. ड्यूटीवरून येऊन तो न बोलता मोरीत तोंड धूत बसला की ती विचारायची, "काय वो, आज कुणाचं काय चांगलं झालं?"

तो मूळचा मनमाडचा. वडील रेल्वेत गँगमन, घर रुळांपलीकडच्या वस्तीत. मनमाडला पाण्याचे हाल. टँकरमागे कळशी घेऊन धावण्यात त्याचं लहानपण गेलं. विहीर बघितली ती काठावरून वाकून; पाण्यात उतरायचा प्रसंगच कधी आला नाही. सुला मात्र दारणाकाठच्या खेड्यातली. म्हशी धुता धुता पोहायला शिकलेली, चार यत्ता शिकून शेतात राबलेली, अंगानं काटक आणि तोंडानं मोकळी.

आपल्याला परदेशात गाडीनं फिरायचंय हे वेड भिकनच्या डोक्यात शिरलं ते त्र्याहत्तर साली. तेव्हा तो आयटीआयला होता. मनमाडहून नाशिकला येताना चांदवडच्या पुढं एसटीचं चाक पंक्चर झालं आणि उतारू रस्त्याकडेच्या चिंचेखाली जाऊन बसले. तिथं आधीच एक गोरं जोडपं आपली निळी व्हॅन लावून बसलं होतं. बाई स्टोव्हवर काहीतरी उकळत होती. बाप्या व्हॅनच्या तोंडावर भला मोठा नकाशा पसरून त्यावर वाकला होता. भिकन हळूच जवळ गेला. नकाशावर तांबड्या पेन्सिलीनं एक रेघ ओढली होती. पार वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून, डोंगर-वाळवंटं ओलांडून, ती नाशिकपर्यंत आली होती. त्या माणसानं मान वर केली, भिकनकडे बघून हसला, नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "नासिक?" भिकननं मान हलवली. तेवढंच बोलणं. पण त्या माणसाचा त्याला जो हेवा वाटला, तो त्याआधी कुणाचाच वाटला नव्हता. असा रस्ता, अशी गाडी, बरोबर बायको, आणि सगळं जग पायाखाली.

पुढं नोकरी लागली, लग्न झालं, उत्पला जन्मली. वेड काही गेलं नाही. त्यानं जुनी राजदूत मोटारसायकल घेतली, तिचा एकेक नट स्वतः खोलून बसवला. देवी चौकातल्या शिंप्याकडून जुन्या ताडपत्रीचा तंबू शिवून घेतला. एका जाड वहीत गावांची नावं आणि अंतरं लिहून काढली. नेपाळला जायचं ठरलं, कारण तिथं जायला पासपोर्ट लागत नव्हता आणि लुंबिनी तिकडं होती. लुंबिनीचं नाव काढल्यावर त्याच्या आईनं, यशोदाबाईंनी, पोरीला सांभाळायचं तात्काळ कबूल केलं. "बुद्धाच्या जन्मगावी चाललाय, मी कशी नाही म्हणू?" त्या म्हणाल्या.

ब्याऐंशी साली, दिवाळीनंतर, महिन्याभराची साठवलेली रजा मंजूर झाली. विभागात त्यानं सगळ्यांना सांगितलं. कुणी म्हणालं, "नेपाळ कसला आलाय परदेश? तिथं तर आपली नोटसुद्धा चालते." भिकनला ते फार लागलं. "सीमेवर अडसर आहे, पलीकडे राजा वेगळा आहे. परदेश नाही तर काय पंचवटी?" त्याचा मित्र धोंडीराम साळवे मात्र खूश झाला. त्यानं आपला कॅमेरा आणून दिला. "भरपूर फोटो काढ, गड्या. आम्ही तेच बघू."

"मी नेपाळला चाललोय," असंच भिकन सगळीकडं सांगत होता. सुलाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनं भाजणी, चटणी, सुकट भरून घेतली, दोन जुने स्वेटर उसने आणले, आणि म्हशीच्या दाव्याचा एक दोर पिशवीत टाकला.

"दोर कशाला?" भिकन म्हणाला.

"लागतो," सुला म्हणाली.

आग्रा रोडनं ते निघाले. मालेगाव, धुळे, मग सेंधव्याचा घाट, इंदूर, गुना, शिवपुरी. भिकन गाडी चालवायचा, सुला मागं तंबूला टेकून बसायची. संध्याकाळी एखाद्या ढाब्यामागं नाहीतर पेट्रोलपंपाशेजारी मुक्काम. पहिले दोन दिवस भिकन राजासारखा होता. गाडी त्याची, नकाशा त्याचा, वहीतली अंतरं बरोबर जुळत होती.

खटकायला लागलं ते तिसऱ्या दिवशी. गुन्याच्या पुढच्या ढाब्यावर त्यानं मालकाला शुद्ध हिंदीत तंबू लावायची जागा विचारली, तर तो नुसता "नहीं" म्हणाला. सुला मागून आली आणि ढाब्याच्या चुलीपाशी बसलेल्या म्हातारीला म्हणाली, "माताजी, हमको दो बादली पानी होना, और थोडी जगा होना." म्हातारी हसत सुटली. 'बादली' म्हणजे काय ते सुलानं हातानं करून दाखवलं. पाचव्या मिनिटाला ती म्हातारीच्या शेजारी बसून भाकरी थापत होती आणि घरातल्या सुना भोवती जमून ती भाकरी हातावर कशी वाढवते ते बघत होत्या. तंबू लावायची गरजच पडली नाही. आत खाट मिळाली. भिकन खाटेवर पडून छताकडं बघत राहिला. झोप चांगली मिळणार होती, आणि तरी त्याला डोळा लागेना.

मग ते रोजचंच झालं. झाशीला, कानपूरला, गोरखपूरच्या अलीकडं, जिथं जिथं थांबावं तिथं माणसं सुलाशी बोलत. तिची हिंदी मोडकी, त्याची चांगली; पण विचारायचं असलं की लोक तिला विचारत, सांगायचं असलं की तिला सांगत. "तुला एवढं काय बोलायला सुचतं?" त्यानं एकदा चिडून विचारलं. सुला म्हणाली, "सुचायचं काय त्यात? माणसं बोलतात, मी बोलते."

सातव्या दिवशी सुनौलीची सीमा ओलांडली. गाडीचा परवाना काढला आणि दुपारी लुंबिनी गाठली. अशोकाचा खांब, त्याच्याशेजारचं तळं, आणि मोठ्ठा पिंपळ. इतकी वर्षं भिंतीवरच्या तसबिरीत बघितलेली जागा. भिकनचं मन भरून आलं. दोघांनी मेणबत्त्या लावल्या. सुलानं डोळे मिटून त्रिशरण म्हटलं; आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ होता, आईच्या मांडीवर शिकल्यासारखा. बाजूला लंकेहून आलेले एक वयस्क भंते बसले होते. ते उठून आले आणि सुलाला मोडक्या हिंदीत म्हणाले की, त्यांनी अशा चालीत ते कधी ऐकलं नव्हतं, पुन्हा म्हणाल का? सुलानं पुन्हा म्हटलं. भंतेंनी तिच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. मग भिकनलाही बांधला, पण तो मागाहून.

त्या मागाहूनचंच भिकनला लागलं. आणि लगेच त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की तो तळ्याच्या पायरीवर जाऊन एकटाच बसला. ज्यानं तृष्णा सोडायला शिकवली त्याच्या जन्मस्थानी उभं राहून आपण बायकोवर जळतोय. पण शरम वाटली म्हणून जळणं थांबलं नाही. दोन्ही एकाच वेळी चालू राहिलं.

बुटवलपासून चढ लागला. रस्ता डोंगराला चिकटून वर जात होता; खाली दरी, वर दरडी. तानसेनच्या पुढं एका वळणावर गाड्यांची रांग थांबली होती. पावसाळ्यात रस्त्याखालची मोरी वाहून गेली होती आणि ओढा सरळ रस्त्यावरून वाहत होता. पाणी गुडघाभर, तळाला गोल गोटे. एक बस पलीकडं थांबली होती आणि उतारू पाणी ओलांडून येत होते.

"उतरून ढकलत नेऊ," सुला म्हणाली.

"मला गाडी चालवता येते," भिकन म्हणाला आणि गाडी पाण्यात घातली. ओढ्याच्या मधोमध पुढचं चाक गोट्यावरून सटकलं. गाडी एका अंगावर पडली, भिकन तिच्याखाली पायानं अडकला आणि तंबूचं गाठोडं सुटून वाहायला लागलं. सुलानं साडीचा काचा मारला होताच. तिनं आधी गाठोडं धरून काठावर फेकलं, मग दोर काढून गाडीच्या हँडलला बांधला, दुसरं टोक बसमधून उतरलेल्या चार बाप्यांच्या हातात दिलं आणि स्वतः मागून खांदा लावला. "खेचो! अरे, खेचो ना!" गाडी वर आली. भिकनचा पाय खरचटला होता, बाकी काही नाही. काठावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. सुलासाठी. एका म्हाताऱ्यानं तिच्या हातात दोन संत्री ठेवली.

तिनं एक संत्रं सोलून भिकनपुढं धरलं. "मला नको," तो म्हणाला. त्याला भूक लागली होती.

पोखराला पोचले तेव्हा आभाळ निवळलं होतं. फेवा नावाचं प्रचंड तळं, आणि त्याच्यामागं हिमालय. भिकन गाडीवरून उतरला आणि नुसता उभा राहिला. माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं एक शिखर उन्हात पांढरंशुभ्र दिसत होतं. चांदवडच्या चिंचेखालचा तो गोरा इथंही आला असेल काय, असं त्याच्या मनात आलं. तळ्याकाठी एक चहाची टपरी होती. चालवणारी बाई पन्नाशीची, हसरी. सगळे तिला दिदी म्हणत. तिनं अंगणात तंबू लावू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकननं होडी भाड्यानं घेतली. लाकूड कोरून केलेली, अरुंद. दिदी म्हणाली, नावाडी देते. सुला म्हणाली, "घेऊ या नावाडी, पाणी लय खोल दिसतंय." पण भिकनला तिथं तरी कुणी मध्ये नको होतं. "मी वल्हवतो," तो म्हणाला.

होडी काठापासून सुटली आणि गोल फिरायला लागली. भिकन डाव्या बाजूनं वल्हं मारी, होडी उजवीकडं वळे. उजव्या बाजूनं मारी, ती डावीकडं वळे. काठावरची माणसं बघत होती. दहा मिनिटांनी सुलानं त्याच्या हातातलं वल्हं काढून घेतलं. होडी सरळ निघाली. दारणेच्या पाण्यावर सुक्या भोपळ्याची सांगड धरून तरंगत वाढलेली पोर ती. तिला पाण्याचं कळत होतं. भिकन पुढच्या टोकाला बसून राहिला. त्याला शिखर दिसत नव्हतं, पाणी दिसत नव्हतं. दिसत होते ते वल्ह्यावरचे तिचे दोन हात.

मग त्यानं कॅमेरा काढला. निदान फोटो तरी आपण काढू. "हलवू नको," असं म्हणून तो होडीत उभा राहिला.

"खाली बसा! अवो, खाली बसा आधी!"

होडी एका बाजूला झुकली आणि उलटली.

थंडी इतकी होती की श्वास आत घेतला तो बाहेर येईना. अंगावरचा स्वेटर पाणी पिऊन लोखंडासारखा जड झाला. हाताशी काही लागेना, पायाशी काही लागेना. कॅमेऱ्याचा पट्टा कधी सुटला ते त्याला कळलंच नाही. डोक्यावर हिरवट उजेड होता आणि तो वर वर चालला होता. तेवढ्यात मागून कुणीतरी त्याचे केस धरले. त्यानं वळून तिला मिठी मारायचा प्रयत्न केला, तेव्हा सुलानं त्याच्या कानशिलात मारली आणि परत केस धरून ओढलं. उलट्या होडीच्या कडेवर तिनं त्याचे हात नेऊन ठेवले. "सोडायचं नाय. मी हाय. सोडायचं नाय." काठावरून दुसरी होडी येईपर्यंत ती एका हातानं त्याची कॉलर धरून पाण्यात पाय मारत राहिली.

दिदीनं दोघांना घोंगड्यात गुंडाळलं. चहा दिला. मग भिकनच्या पाठीवर थाप मारून मोठ्यानं हसत म्हणाली, "आपकी औरत तो मछली है, मछली!" काठावरचे सगळे हसले. भिकनही हसला. दात वाजत होते त्यामुळं ते हसणं कसंतरीच दिसलं.

जीव वाचल्याचा आनंद त्याला झाला नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशी सारंगकोटच्या डोंगरावर जायचं ठरलं होतं, तिथून सगळी रांग दिसते म्हणून. सकाळी सुला तयार झाली, आणि भिकन म्हणाला, "माझा पाय दुखतोय." पाय तेवढा दुखत नव्हता. सुला थोडी घुटमळली, मग गवत आणायला निघालेल्या दोन बायकांबरोबर एकटीच गेली. दुपारी परत आली ती तोंड लाल झालेलं, डोळे चमकत होते. "अवो, काय सांगू तुमाला—" तिनं सुरुवात केली. भिकन म्हणाला, "स्टोव्हची पिन कुठंय?" तिनं पिशवीतून पिन काढून दिली. परतीच्या सतराशे-अठराशे किलोमीटरांत दोघं कामापुरतंच बोलली.

घरी आल्यावर गंमत झाली. गंमत म्हणायची ती आपण. भिकनला ती पुढं फार महाग पडली.

विभागात सगळे त्याच्याभोवती जमले. धोंडीराम सगळ्यात पुढं. "फोटो?" त्यानं विचारलं. भिकनच्या तोंडून निघून गेलं, "होडी उलटली, गड्या. सुला पाण्यात पडली. तिला काढायला मी उडी मारली, त्यात कॅमेरा गेला."

हे बोलायचं त्यानं काही ठरवलं नव्हतं. पण बोलून गेल्यावर त्याला फार हलकं वाटलं. धोंडीरामनं त्याचे दोन्ही हात धरले. "अरे, वहिनींच्या जिवापुढं कॅमेऱ्याची काय मातब्बरी? सांग, नीट सांग." मग भिकननं नीट सांगितलं. ओढ्यातून गाडी काढली ती त्यानं. दोर बरोबर घेतला होता तो त्यानंच, दूरदृष्टीनं. सारंगकोटावरून हिमालय बघितला तोही त्यानं. सुला पाय दुखतो म्हणून टपरीत बसली होती. चहाच्या सुट्टीत, शिफ्ट बदलताना, लग्नाच्या मांडवात, त्यानं ते इतक्या वेळा सांगितलं की सारंगकोटावरची थंडी त्याला खरोखर आठवायला लागली.

सुलाला ते जानेवारीत कळलं. धोंडीरामची बायको, सगुणाबाई, हळदीची वाटी मागायला आली होती. "नशीबवान गं बाई तू," ती म्हणाली. "आमचे हे मला काढायला पाण्यात उडी मारतील होय? भाऊजींनी मारली." भिकन तिथंच दारात बूट काढत होता. त्याचे हात लेसवरच थांबले. सुलानं त्याच्याकडं एकदा बघितलं. मग वाटीत हळद घालत म्हणाली, "व्हय, मारली खरी."

सगुणाबाई गेली. सुला भांडली असती तर भिकनला बरं वाटलं असतं. ती पोरीची वेणी घालायला बसली. आता तो तिच्या मनाच्या मोठेपणावर जळायला लागला. एवढं मोठं मन हिला कुणी दिलं आणि आपल्याला का नाही दिलं?

फेब्रुवारीतल्या एका रविवारी विभागाची सहल गंगापूरच्या धरणावर गेली. बायकापोरांसकट तीस-चाळीस माणसं. भरीत झालं, भाकऱ्या झाल्या. जेवणाला अवकाश होता तेव्हा चार-पाच जण कपडे काढून पाण्यात उतरले, आणि धोंडीराम ओरडला, "अरे, फेवातला पोहणारा काठावर काय करतोय? या भिकनराव! दाखवा आमच्या पोरांना!"

सगळ्यांनी तो ओरडा उचलला. "भिकनराव! भिकनराव!" कुणीतरी त्याच्या सदऱ्याची बटणं काढायला लागलं. हसत हसत भिकन मागं सरत होता आणि मागं पाणीच होतं.

"नका वो, भाऊजी!" सुला बायकांच्या घोळक्यातून उठून आली. "त्यांचा कान फुटलाय. डॉक्टरनं पाण्यात जायचं नाय म्हणून सांगितलंय."

सगळे थांबले. "मग राहू द्या," धोंडीराम म्हणाला. प्रसंग टळला होता. भिकननं सुलाकडं बघितलं. ती त्याच्याकडं बघतही नव्हती. भाकरीच्या पिठाचे हात पदराला पुसत होती. पुन्हा केसांना धरून ओढलं, असं त्याला वाटलं. पुन्हा हिनंच.

"कान फुटलेला नाही," तो म्हणाला.

"काय?" धोंडीरामनं विचारलं.

"कान चांगला आहे माझा. मला पोहता येत नाही. बुडत होतो तो मी. हिनं काढलं मला. कॅमेरा माझ्या हातून गेला, मी उभा राहिलो म्हणून होडी उलटली. ओढ्यातून गाडीपण हिनंच काढली. डोंगरावरही मी गेलो नाही. हीच गेली."

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि हसणं पसरत गेलं. धोंडीराम मात्र हसला नाही. तो पाण्यातून बाहेर आला, पंच्यानं अंग पुसलं आणि हळू आवाजात म्हणाला, "कॅमेरा गेला त्याचं काही नाही, भिकन. पण दोन महिने मी तुझी गोष्ट माझी असल्यासारखी गावभर सांगत फिरलो रे." एवढं बोलून तो चुलीकडं गेला.

भिकन लांब एका खडकावर जाऊन बसला. तिकडं बायकांनी सुलाला घेरलं होतं. "आता तू सांग. खरं खरं सांग." थोड्या वेळानं बाप्येही तिथं सरकले. सुलाला सांगावंच लागलं. वाऱ्यावर तिचा आवाज खडकापर्यंत येत होता, आणि सांगत होती तीही अशी की भिकनला स्वतःलाच पुढं काय झालं ते ऐकायची ओढ लागली. गुन्याची म्हातारी तिनं उभी केली, भंते उभे केले. मग तळं आलं. "मला लय भ्या वाटलं," ती म्हणत होती. "यांच्या अंगात केवढी ताकद! मला मिठी मारली असती तर दोघं गेलो असतो. म्हणून मुस्काटात मारली. लग्नाला सात वर्षं झाली, तेवढी एकदाच संधी मिळाली." सगळे हसले. "आन् वर आल्यावर, दातावर दात बसत नव्हता, तरी पयला शब्द काय बोलले ठाव हाय? 'सुला, तू बरी हाईस ना?'"

असं आपण बोललो होतो? भिकनला काही आठवेना. पुढं कितीतरी दिवसांनी त्यानं तिला विचारलं, तर ती म्हणाली, "बोलला व्हता." ते खरं की त्याची अब्रू राखायला तिनं तिथल्या तिथं रचलेलं, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. खडकावर बसून त्याला कळलं ते एवढंच, की तिच्या गोष्टीत तो होता. नकाशा बघून एकदाही न चुकता गाडी नेणारा, घाटात तिला "घट्ट धर" म्हणणारा. त्यानं सांगितलेल्या गोष्टीत ती कुठंच नव्हती.

त्याला पुढचे सहा महिने विभागात 'फेवा' म्हणायचे. "फेवा, पाना दे." धोंडीराम पंधरा दिवस बोलला नाही, मग एक दिवस आपणहून डबा घेऊन शेजारी येऊन बसला. भिकन पुन्हा कुणाला नेपाळची गोष्ट सांगायला गेला नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "घरी या. ती चांगली सांगते."

आणि लोक घरी यायला लागले. वसाहतीतल्या बायका तर पाठच सोडीनात. शेवटी पंच्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात अकरा जणी तयार झाल्या: लुंबिनी करायची, पोखरा बघायचं, आगगाडीनं आणि बसनं. नेणार कोण, तर सुलाबाई गांगुर्डे. ज्या दिवशी ते ठरलं त्या दिवशी भिकनचा डबा तसाच घरी आला.

सुलानं तो उघडून बघितला आणि परत झाकण लावलं. "तुमी पण चला म्हणले असते," ती म्हणाली, "पण साऱ्या बायका हायेत."

"मी कशाला येऊ? पोरीची शाळा आहे," भिकन म्हणाला. मग जुनी वही काढून बसला. गाड्यांच्या वेळा, कुठं उतरायचं, कुठली बस, मुक्काम कुठं, सगळं त्यानं मोठ्या अक्षरांत लिहून काढलं, कारण सुलाला बारीक अक्षर पटकन वाचता येत नसे. लिहिताना जळत होता आणि तरी एकही गाव त्यानं चुकवलं नाही.

ती अठरा दिवस गेली. भिकन शिफ्ट सांभाळून स्वयंपाक करायचा, उत्पलाला शाळेत सोडायचा. पोरीनं त्याच्या पोळीला 'नकाशा' असं नाव ठेवलं. गोरखपूरहून एक कार्ड आलं, दुसऱ्याच कुणाच्या हातचं, "आम्ही सुखरूप" एवढंच. तो ते कार्ड वाचायचा, वहीतलं पान उघडायचा, आज त्या कुठं असतील ते बघायचा, आणि त्याला आपल्या खोलीत बसवत नसे.

परत आल्या तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. नाशिकरोडच्या फलाटावर आधी गाठोडी उतरली, मग बायका, एकीचा शब्द दुसरीला ऐकू जाऊ नये इतक्या बोलत. सगुणाबाई तर धोंडीरामला बघून रडायलाच लागली. सुला सगळ्यांच्या मागून उतरली. उन्हानं काळवंडली होती, आवाज बसला होता. भिकननं तिच्या हातातली पिशवी घेतली. पूल चढेपर्यंत ती बोलत होती: बस कशी बंद पडली, अकरा जणींनी ती कशी ढकलली, सगुणाबाई बर्फाचा डोंगर बघून कशी मटकन खाली बसली.

पुलाच्या मधोमध भिकन थांबला. पिशवी खाली ठेवली.

"सुला," तो म्हणाला, "मला तुझा फार हेवा वाटतोय. आत्तासुद्धा. आत नुसती आग आग होतेय."

दहा वर्षांच्या संसारात हे त्यानं पहिल्यांदाच तोंडानं म्हटलं होतं. मागची माणसं त्यांना वळसा घालून पुढं जात होती. सुलानं त्याच्याकडं नीट बघितलं.

"ते मला ठाव हाय," ती म्हणाली. "पण तुमी बोललात, बरं केलंत. चला आता, भूक लागलीय मला. घरी काय केलंय?"

"पिठलं," भिकन म्हणाला आणि त्यानं पिशवी उचलली. "बस ढकलली तेव्हा चढ होता की सपाट रस्ता? पहिल्यापासून सांग."